एकाच घरात वाढलो, मग तोच का बिघडला?

वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

मी २९ वर्षांची आहे, भाऊ २० वर्षांचा. वडील प्यायचे आणि आम्हा सगळ्यांना मारायचे. मी पंधरा वर्षांची आणि भाऊ सहा वर्षांचा असताना आई वारली. पुढच्याच वर्षी मला वसतिगृहात प्रवेश मिळाला आणि मी घराबाहेर पडले. भावाने नंतर शाळा सोडली, मोठ्या मुलांच्या टोळक्यात गेला आणि सोळाव्या वर्षी एका लुटीत पकडला गेला. त्यात एका माणसाचा हात मोडला होता. दोन वर्षं सुधारगृहात काढून तो बाहेर आला, तेव्हापासून मित्रांकडे राहतो. कामं धरतो आणि सोडतो. कुणी आवाज चढवला की तिथून निघूनच येतो. पुन्हा गुन्हा केलेला नाही, निदान माझ्या कानावर तरी नाही. आता म्हणतोय, 'मला तुझ्याकडे राहू दे.' माझं लग्न झालंय, चार वर्षांचा मुलगा आहे. नवरा म्हणतो, 'काही महिने ठेवू, पण कडक शिस्तीत.' मला मात्र भावाचा राग येतो. काही बोललं की तो बालपण पुढे करतो. एकदा त्याने मोबाइलवर बालपणाबद्दलची ती दहा प्रश्नांची चाचणी दाखवली. त्याचे आठ गुण आले. मीही सोडवली, माझे सात आले. मग मी का नाही कुणाला लुटलं? मलाही अजून दार आपटलं की छातीत धस्स होतं, रात्री दोनदा उठून मी कडी तपासते, पण म्हणून मी कुणाचा हात मोडला नाही. बालपणाचं भांडवल माणसाने किती दिवस करायचं? त्याला घरी आणू की नको? आणि सासरच्यांना काय सांगू? त्यांना वाटतं, तो शिकायला लांब होता.

ताई,

आधी त्या चाचणीचं बघू, कारण तुमचा सगळा हिशेब आठ आणि सात या दोन आकड्यांवर उभा आहे.

ती ज्या अभ्यासातून आली तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी सॅन डिएगोमधल्या, आरोग्य विमा असलेल्या साध्यासुध्या प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आबाळ, घरात कुणाचं व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातलं कुणी तुरुंगात, आईवडिलांची ताटातूट, यातलं काय काय तुमच्या वाट्याला आलं? एकूण १७ हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. जितके प्रकार जास्त, तितका पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा, नैराश्याचा, व्यसनाचा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त, असं चित्र निघालं. एवढ्या मोठ्या समूहाबद्दल ते खरंच आहे. पण ही चाचणी फक्त प्रकार मोजते. कोणत्या वयात, किती वर्षं, किती जोराने आणि मध्ये पडणारं कुणी होतं का, हे ती विचारत नाही. एक वर्ष मार खाल्लेल्याला आणि नऊ वर्षं मार खाल्लेल्याला त्या रकान्यात सारखाच एक गुण मिळतो. खुद्द अँडांनीच सहकाऱ्यांसोबत २०२० मध्ये लिहिलं की एखाद्या व्यक्तीचं निदान करायला किंवा तिचं भविष्य सांगायला हा आकडा वापरू नये. तेव्हा तुमच्या दोघांतला तो एका गुणाचा फरक विसरून जा. त्याने काहीच ठरत नाही.

आता 'एकच घर, एकच बाप' हे बघू. तुम्हाला पंधरा वर्षं आई मिळाली, त्याला सहा. तुम्ही सोळाव्या वर्षी त्या घरातून बाहेर पडलात. तो त्यानंतर आणखी नऊ वर्षं तिथे राहिला आणि त्या नऊ वर्षांत घरात आई नव्हती, मोठी बहीणही नव्हती. पत्ता एकच होता, पण सात वर्षांच्या एकट्या मुलाचं ते घर तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मिळालेली वाट तुम्ही धरलीत ते योग्यच केलंत. सोळा वर्षांच्या मुलीने लहान भावाची आई व्हायला हवं होतं, असं कुणी म्हणालं तर त्याला ठाम नाही म्हणा. त्या पोराकडे बघणं हे मोठ्यांचं काम होतं: नातेवाइकांचं, शेजाऱ्यांचं, तो शाळेत येईनासा झाला तेव्हा शाळेचं. त्यातल्या कुणी काही केल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही.

तरीही तुमचा मूळ प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. अशी लाखो मुलं मार खात मोठी होतात, सगळी कुठे लुटायला जातात?

नाही जात. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी छळ किंवा आबाळ झाल्याचं न्यायालयात नोंदलं गेलेली ९०८ मुलं एका बाजूला आणि त्याच वयाची, तशाच परिस्थितीतली पण तशी नोंद नसलेली ६६७ मुलं दुसऱ्या बाजूला. किशोरवयात अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. धोका वाढला यात शंका नाही. पण छळ सोसलेल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांना त्या वयात कधीच अटक झाली नाही. तुम्ही त्या तिघांतल्या.

हाच प्रश्न उलट बाजूने विचारला की उत्तर पार बदलतं. फ्लोरिडा राज्यात बाल न्याय व्यवस्थेत आलेल्या ६४,३२९ मुलामुलींची माहिती २०१४ मध्ये तपासली गेली. त्या दहा प्रकारांपैकी एकही वाट्याला न आलेली मुलं त्यांत १०० मागे तीनसुद्धा नव्हती. फेलिटींच्या त्या साध्यासुध्या प्रौढांत हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. शिकागोत लिंडा टेप्लिन आणि सहकाऱ्यांनी कोठडीतल्या मुलांशी सविस्तर बोलून पाहिलं, तर ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी निदान एक तरी जबर हादरवणारा प्रसंग सोसला होता आणि निम्म्याहून कितीतरी अधिक मुलांना निदान करता येईल असा मानसिक आजार होता.

म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या जवळपास प्रत्येक मुलामागे वाईट बालपण असतं, आणि वाईट बालपण असलेली बहुतेक मुलं गुन्हा करत नाहीत. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तुमचा भाऊ पहिलं वाक्य धरून बसलाय, तुम्ही दुसरं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे हे भांडण कधी मिटत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दार आपटलं की छातीत धस्स होतं, आणि रात्री दोनदा उठून तुम्ही कडी तपासता. तुम्ही ते पुरावा म्हणून लिहिलंय, 'बघा, मलाही त्रास होतो पण मी कुणाला इजा केली नाही' या अर्थाने. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या घराने तुमच्यातही काही ठेवलंय आणि तेरा वर्षांनंतरही ते रात्री तुम्हाला उठवतं. अशा घरातून आलेल्या मुलींचा त्रास पुष्कळदा आत वळतो: झोप उडते, धसका बसतो, पोट बिघडतं, सतत सगळ्यांची मर्जी सांभाळायची सवय लागते, मधूनच खोल उदासी येते. मुलांचा त्रास जास्त वेळा बाहेर पडतो आणि बाहेर पडला की पोलीस येतात. आत वळलेल्या त्रासाची कुणी तक्रार नोंदवत नाही. (सगळ्या मुली आणि सगळे मुलगे असेच, असं नाही. पण कल तसा दिसतो.)

आणि तुमचं जे चांगलं झालं, तेही केवळ मनाच्या ताकदीने झालं असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते आवडलं नाही तरी. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला एकत्र आल्या, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्तबगार, माया लावणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आईबापांपलीकडे कुणी तरी एक भरवशाचं मोठं माणूस: आजी, शिक्षक, शेजारी. तुमच्या पत्रात वसतिगृह एका ओळीत येऊन जातं. तिथे कोण होतं? कुणी तुमचा अर्ज भरला, कुणी तुम्हाला परीक्षेला बसवलं, सुट्टीत कुणाच्या घरी गेलात? ती नावं एकदा आठवून बघा. तुमच्या भावाच्या बाबतीत त्या जागी टोळक्यातली मोठी मुलं होती. त्यांनीही त्याला सोबत दिली, संरक्षण दिलं. किंमत मात्र निराळी लावली.

तुमच्या रागाबद्दल दोन शब्द. तो चुकीचा नाही. जो मोडतो त्याच्याभोवती सगळे गोळा होतात, जी निमूटपणे अभ्यास करते, नोकरी करते, घर सांभाळते तिला कुणी विचारत नाही. सुधारगृहात त्याच्याशी समुपदेशक बोलले असतील. तुमच्याशी कुणी बोललं? हा राग त्याच्यावर आहे असं वाटतं खरं, पण त्यातला बराचसा दुसरीकडचा असावा. तेव्हा भावासाठी काही ठरवण्याआधी किंवा ठरवता ठरवताच, स्वतःसाठी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. हा कडी तपासण्याचा त्रास उपचारांना चांगली दाद देतो. आघाताच्या आठवणींवर खास बेतलेल्या मानसोपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केली आहे.

आता भाऊ.

कुणी आवाज चढवला की तो काम सोडून येतो, याला तुम्ही माज समजता असं पत्रावरून वाटतं. थोडा माज असेलही, वीस वर्षांचाच आहे. पण सेथ पोलॅक या मानसशास्त्रज्ञाने केलेले काही प्रयोग इथे उपयोगी पडतील. मारहाण सोसलेल्या आणि न सोसलेल्या मुलांना त्याने पडद्यावर हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले. मार खाल्लेली मुलं रागीट चेहरा इतरांपेक्षा फार लवकर ओळखत होती, अगदी पुसटशा खुणेवरून. दारू प्यालेला बाप दारात दिसला की त्याच्या खांद्यावरून आजची रात्र कशी जाणार हे ज्या मुलाला कळतं, तो मुलगा त्या घरात तग धरतो. अडचण अशी की पुढे मुकादम नुसता घाईत असला तरी त्याच मुलाला तो अंगावर येणारा माणूस दिसतो, आणि डोकं विचार करायच्या आत अंग निर्णय घेतं: पळ, नाहीतर मार. गेली दोन वर्षं तुमचा भाऊ पळतोय, मारत नाहीये. लोकांना तो बेभरवशाचा कामगार वाटत असेल. मला त्यात त्याचं स्वतःवरचं नियंत्रण दिसतं, ओबडधोबड असलं तरी.

त्याला शिकायचंय ते हे की पळून गेल्यावर परत कसं यायचं. दहा मिनिटं बाहेर जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं आणि 'सांगा, काय चुकलं' असं विचारायचं. हे सोपं वाटतं, पण सरावाशिवाय जमत नाही. गटात बसून असा सराव करून घेणाऱ्या उपचारपद्धती आहेत. लायबेरियात मोनरोव्हिया शहरात गुन्हेगारीच्या काठावरच्या सुमारे हजार तरुणांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आठ आठवडे रागावर, सवयींवर, स्वतःच्या प्रतिमेवर गटात काम करायचं आणि काहींना त्यासोबत थोडी एकरकमी रोकड द्यायची. नुसत्या उपचारांचा परिणाम वर्षभरात ओसरला. उपचार आणि पैसे दोन्ही मिळालेल्यांत चोऱ्या आणि इतर गुन्हे बरेच कमी झाले आणि कमीच राहिले. समजूत घालणं आणि पोटापाण्याची सोय ही दोन्ही कामं एकत्रच करावी लागतात, हे मला त्यातून पटलं. आपल्याकडे बहुतेक जण यातलं एकच करतात आणि मग 'एवढं केलं तरी सुधारला नाही' म्हणतात.

एक साधी गोष्ट, जी हमखास राहून जाते: त्याची नीट वैद्यकीय तपासणी झालीय का? लहानपणी डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडल्याचा इतिहास कोठडीतल्या तरुणांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, हे निरनिराळ्या देशांत दिसून आलंय. अशा दुखापतीने चिडचिड, विसराळूपणा, एका जागी लक्ष न लागणं हे सगळं होऊ शकतं. कान, डोळे, झोप, दात, वाचता-लिहिताना अक्षरं नीट लागतात का, हे सगळं पाहून घ्या. शाळा सोडलेल्या मुलाने ती का सोडली हे आपण स्वभावात शोधतो. कधी कधी ते कानात सापडतं.

तुमच्या यजमानांच्या 'कडक शिस्ती'चा अर्थ काय, ते त्यांना विचारा. ठरलेल्या वेळा, ठरलेले नियम, आज एक उद्या दुसरं असं नाही, असा अर्थ असेल तर उत्तम. अशा मुलांना अंदाज बांधता येईल असं घर लागतं. धाक, टोमणे, 'परत तिकडे पाठवीन' ही धमकी, असा अर्थ असेल तर तो उलटेल. मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून सरळ करण्याचे कार्यक्रम अमेरिकेत खूप गाजले होते. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी त्यांचे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा त्या कार्यक्रमांत गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केल्याचं निघालं. आणि मारून-दरडावून शिस्त लागत असती तर तुमच्या वडिलांच्या घरात ती नऊ वर्षांत लागली असती.

'बालपणाचं भांडवल किती दिवस' याचं उत्तर मी असं देईन: बालपणाबद्दल बोलू नको, असं त्याला सांगू नका. शॅड मरूना या अभ्यासकाने इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सुटलेल्या आणि न सुटलेल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. दोन्हीकडच्या माणसांची बालपणं खडतरच होती. फरक पुढच्या वाक्यात होता. न सुटलेले म्हणत होते, आता माझ्या हातात काही नाही. सुटलेले त्या भूतकाळातूनच आता काय करायचं ते शोधत होते, कुणासाठी तरी उपयोगी पडायचं बघत होते. तेव्हा भावाने बालपण काढलं की 'खरंय' म्हणा, थांबा, आणि मग विचारा, 'मग आता?' सुरुवातीला तो चिडेल. चिडू द्या.

ज्या माणसाचा हात मोडला त्याच्याबद्दल तो कधी बोलतो का? तुम्ही लिहिलेलं नाही. भावाचं दुःख समजून घेताना तो माणूस कोपऱ्यात जाऊ नये. तुम्ही स्वतः त्याला शोधायला जाऊ नका आणि भावालाही अचानक माफी मागायला पाठवू नका, त्या माणसाला ते नकोसं होऊ शकतं. पण आपण काय केलं हे भावाला एकदा तरी, आडवळणाने न जाता, तुमच्यासमोर बोलता आलं पाहिजे. 'झालं', 'घडलं' असं नाही, 'मी केलं' असं. गुन्ह्यामागचं कारण समजून घेणं आणि त्याची जबाबदारी घेणं यात निवड करायची नसते.

वयाचं एक आशादायक गणितही सांगतो. गुन्हे किशोरवयात वाढतात, विशीच्या उंबरठ्यावर शिखर गाठतात आणि मग उतरत जातात, हे जवळपास सगळीकडे दिसतं. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांचा १९६१ पासून मागोवा घेणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, डेव्हिड फॅरिंग्टन यांनी तो कित्येक दशकं चालवला. त्यात ज्यांना फक्त एकविसाव्या वर्षाच्या आत शिक्षा झाली होती आणि नंतर कधीच नाही, ती माणसं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घर, काम, संसार या बाबतीत कधीच शिक्षा न झालेल्यांसारखीच होती. तुमचा भाऊ वीस वर्षांचा आहे. त्याची ही पुढची दोन-तीन वर्षं तुम्हा सगळ्यांच्या मेहनतीच्या लायकीची आहेत.

मात्र गुन्हा थांबला म्हणजे सगळं मिटलं, असं समजू नका. शिकागोच्या त्या कोठडीतल्या मुलांच्या पुढच्या आयुष्याचा मागोवा घेतला तेव्हा त्यांच्यातलं अकाली मृत्यूचं प्रमाण त्या वयाच्या इतरांपेक्षा चौपटीहून अधिक होतं. पोलिसांचा फोन आला नाही म्हणजे पोरगं मार्गी लागलं, हा मापदंडच अपुरा आहे. तो झोपतो का, पितो का, एका कामावर चार महिने टिकला का, कागदपत्रं त्याच्या हातात आहेत का, जुन्या टोळक्यापलीकडे त्याला एखादा मित्र आहे का, हे बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: घरी आणू की नको?

मला विचाराल तर लगेच घरात नको. घराजवळ आणा. चालत जाण्याच्या अंतरावर एखादी खोली, हातात झेपेल असं काम, सुरुवातीच्या काही महिन्यांच्या भाड्यात तुमचा ठरलेला वाटा, आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस तुमच्या घरी, जो काहीही झालं तरी चुकवायचा नाही. का, ते सांगतो. तुम्ही आधीच रात्री दोनदा उठता. तो घरात असला तर चारदा उठाल, तुमची दमणूक त्याच्यावर निघेल, आणि तुमचा चढलेला आवाज त्याला वडिलांचा वाटेल. एका छताखाली बिनसलं तर घर आणि बहीण दोन्ही एका रात्रीत जातील. वेगळ्या खोलीत बिनसलं तर बहीण शिल्लक राहते. चार वर्षांच्या मुलाचा विचारही आहेच. भाऊ त्याला इजा करेल असं पत्रात कुठे काही नाही आणि मीही तसं सुचवत नाही. पण घरातल्या ताणाचा वास लहान मुलांना आधी लागतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

याला एक अपवाद आहे. नाही म्हटल्यावर त्याला वडिलांकडे किंवा जुन्या टोळक्यातच परतावं लागणार असेल, तर घरी आणा, मुदत ठरवून. तीन महिने. झोपायची जागा कुठली, रात्री किती वाजेपर्यंत परतायचं, घरात दारू नाही, त्या मित्रांना घरी आणायचं नाही, मुलाला त्याच्याकडे एकट्याला सोपवायचं नाही, मोडलं तर काय होईल, हे सगळं तो यायच्या आधी, तिघांनी बसून, शांतपणे ठरवा. त्याचंही ऐका. त्यालाही एखादी अट घालायची असेल, उदाहरणार्थ 'माझ्यावर ओरडायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं.' ती मान्य करा. पैसे उसने देऊ नका. द्यायचे तर दिले म्हणून द्या, नाही तर देऊ नका. अशा घरांत उसनवारीइतकं विष दुसऱ्या कशाने कालवलं जात नाही.

आणि दोन्ही नकोसं वाटलं, सध्या त्याच्याजवळ जायचीच ताकद नाही असं वाटलं, तर तेही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्या वेळी फक्त गायब होऊ नका. 'आत्ता मला जमणार नाही, दर रविवारी फोन करीन' म्हणा आणि दर रविवारी करा. सुधारगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी निवासाची आणि कामाची सोय करणाऱ्या सरकारी योजना, संस्था अनेक ठिकाणी असतात. त्याच्या प्रकरणातले परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा सुधारगृहातले समाजसेवक यांच्याकडे चौकशी करा.

अशाच पेचातले काका, मावश्या, आज्या हे वाचत असतील. तुमच्या घरात येणारं मूल बाराचं-चौदाचं असेल तर माझा सल्ला उलटा आहे: त्याला घरातच ठेवा, खोली वगैरे काही नको. आणि अशा तरुणाला काम देणारे असाल, तर चूक चारचौघांत दाखवू नका, बाजूला घेऊन सांगा. पगाराची तारीख पाळा. बाकी इतरांशी वागता तसंच वागा.

राहता राहिला सासरचा प्रश्न. बालगुन्हेगारांच्या नोंदी काटेकोरपणे गोपनीय ठेवाव्यात, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांत म्हटलं आहे. बालहक्क संहितेतही (१९८९) कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाची खासगी बाब जपण्याचं आणि त्याला समाजात परत सामावून घेण्याचं कलम आहे. नोकरीच्या अर्जात ही माहिती द्यावी लागते की नाही, हे तुमच्याकडच्या कायद्यानुसार मोफत विधी सेवेतल्या वकिलाला विचारा. अर्जात खोटं लिहू नका आणि विचारलेलं नसताना आपणहून सांगूही नका. सासूबाईंना ही सगळी कथा सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ती मुळात तुमच्या भावाची गोष्ट आहे. कुणाला, कधी, किती सांगायचं, हे त्याला विचारून ठरवा. पण 'शिकायला गेला होता' हे इथून पुढे म्हणू नका, उद्या तोच प्रश्न त्याला विचारला गेला तर तुमचं खोटं त्याला निभवावं लागेल. 'घरची परिस्थिती वाईट होती, तो लांब राहिला, आता काम शोधतोय' एवढं खरं आहे आणि तेवढं बास. यजमानांना मात्र सगळं ठाऊक हवं, त्या लुटीसकट आणि तुमच्या रात्रीच्या कडीसकट.